पैसे देऊन उघड्यावर झोपणे

लोअर परळच्या एका मॉलमध्ये तंबू उभा करून ठेवलाय. निळा, चौघांचा, जाळीच्या खिडक्यांचा. खाली प्लास्टिकची हिरवळ, बाजूला घडीच्या दोन खुर्च्या. आमच्या मजल्यावरचे तात्या, गिरणीच्या साळखात्यात साच्यावर उभं आयुष्य काढलेले, त्याच्यासमोर बराच वेळ थांबले. किमतीची चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"हा लावायचा कुठं?"

"कोलाडला, तात्या. नदीकाठी."

"तिथं जागेचे वेगळे पैसे?"

"हो. माणशी."

"आणि झोपायचं बाहेर."

"तंबूत."

"म्हणजे बाहेरच की," असं म्हणून तात्या सरकत्या जिन्याकडे वळले.

*

तात्यांना हसण्यात अर्थ नाही. आमच्या डिलाईल रोडला बाहेर झोपण्याचा शंभर वर्षांचा अनुभव आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधलेल्या चाळींपैकी ३२ या रस्त्यावर. खोली १६० चौरस फुटांची. तीत कुटुंब असेल तर पुरुषांनी रात्री वळकटी काखेत मारून बाहेर पडायचं. गाववाल्यांची खोली असेल तर दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीवाला पडायचा. उन्हाळ्यात व्हरांडा, गच्ची, चाळीपुढचं पटांगण, फूटपाथ, सगळीकडे माणसं. जागा ठरलेल्या असत. कुणी दुसऱ्याच्या जागेवर अंथरलं की मध्यरात्री भांडण.

आता चाळी पाडून टॉवर होताहेत. १६०च्या बदल्यात ५०० चौरस फूट. उघड्यावर झोपायची हौस माणसाला घरात झोपायला जागा मिळाल्यावरच येते, असं माझं मत होत चाललंय. आमच्या पिढीत ज्यांची घरं आधी मोठी झाली, तेच आधी तंबू घेऊन आले.

*

तंबूवाल्यांच्या आधीही या भागातून डोंगरात जाणारी पोरं होती. ७०-८०च्या दशकांतली. शनिवारी काम आटपून करी रोडला स्लो गाडी, दादरला उतरून शेवटची कर्जत लोकल. पायात हंटर शूज, पाठीवर कॅनव्हासची सॅक, तिला बाहेरून बांधलेलं काळं पडलेलं पातेलं. रॉकेलचा स्टोव्ह एकाकडे, पिन दुसऱ्याकडे, आणि तो दुसरा हमखास मागच्या डब्यात. मुक्काम लेण्यात, देवळात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओसरीवर. राजमाचीला उधेवाडीत कुणाच्या तरी पडवीत. तंबू नव्हताच, पिवळा प्लास्टिकचा कागद होता, तो अंगाखाली घ्यायचा की अंगावर, हे आभाळ बघून ठरायचं.

मुलुंडचे चक्रम हायकर्स, गिरिविहार अशा संस्थांनी या भटकण्याला शिस्त लावली. आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' हे पुस्तक सॅकमधून इतकं फिरलं की आमच्या मंडळातल्या प्रतीला अखेर पोत्याची सुतळी बांधावी लागली. त्या पोरांनी गडांची नावं पाठ केली, घाटवाटा शोधल्या. नद्यांकडे मात्र त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. नदी म्हणजे पाणी भरून घ्यायची जागा. मीही तसाच.

*

कोलाडची नदी कुंडलिका. ती हिवाळ्यातही वाहते. उन्हाळ्यातही. सह्याद्रीच्या पश्चिमेला ज्यांनी एप्रिल-मे काढलाय त्यांना हे चमत्कारिक वाटायला हवं. कोकणातल्या बहुतेक नद्या शिमग्यानंतर डोह-डोह होऊन पडतात, गोट्यांमधून चालत पलीकडे जाता येतं. इथे मात्र भर मेमध्ये लोक रबरी तराफ्यात बसून किंचाळत खाली जाताहेत.

कारण हे पाणी कुंडलिकेचं नाही. मुळेचं आहे. घाटावर मुळशीला धरण बांधून मुळा अडवली, तिचं पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला वळवलं आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. मुळा आपल्या वाटेने गेली असती तर भीमेला मिळाली असती, भीमा कृष्णेला, आणि पाणी बंगालच्या उपसागरात. ते आता रोह्यावरून रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. आणि जाताना एकदाच कामाला लागत नाही. भिऱ्याच्या चक्रांमधून बाहेर पडलं की खाली सरकारी वीजकेंद्रात पुन्हा राबतं, मग डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत शेतीला, आणि अधल्यामधल्या टप्प्यात साजे गावापासून खाली तराफेवाल्यांच्या कामाला.

म्हणजे ही नदी पाळीवर येते. वीज लागली की पाणी सुटतं, पाणी सुटलं की नदी चढते. तराफे बहुतेक सकाळी जातात ते त्यामुळे.

*

लोअर परळ स्टेशनच्या पुलावर मधोमध उभं राहावं. पूर्वेला ना. म. जोशी मार्ग, म्हणजे आपला डिलाईल रोड. पश्चिमेला सेनापती बापट मार्ग, म्हणजे जुना तुळशी पाइप रोड. तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणाऱ्या नळाचा रस्ता. दोन्ही बाजूंना गिरण्या होत्या. काही अजून भिंतींपुरत्या आहेत.

आता क्रम नीट लावून बघा. पांडुरंग महादेव बापट हे मुळशी सत्याग्रहाचे सेनापती. १९२१ साली रामनवमीला मावळ्यांनी धरणाच्या कामावर ठाण मांडलं. पन्नासच्या वर गावं पाण्याखाली जाणार होती, भाताची खाचरं जाणार होती, आणि हे सारं मुंबईच्या विजेसाठी. विनायकराव भुस्कुटे बरोबर होते. लढा तीनेक वर्षं चालला. माणसं तुरुंगात गेली, स्वतः बापट दीर्घ मुदतीच्या सक्तमजुरीवर गेले. धरण थांबलं नाही. भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं आणि ती वीज मुंबईत गिरण्यांना मिळू लागली, पुढे लोकलगाड्यांनाही.

त्याच गिरण्यांच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याला आपण बापटांचं नाव दिलं. ज्याने हे नाव सुचवलं त्याच्या मनात मुळशी होती की फक्त मोठा देशभक्त होता, कोण जाणे. पण मुंबईत याहून नेमका ठेवलेला रस्ता मला दुसरा सापडलेला नाही.

*

पुलाच्या दुसऱ्या बाजूचे नारायण मल्हार जोशी. १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, १९२० मध्ये आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत होते, कामगारांच्या बाजूने केंद्रीय विधिमंडळात बसले. जन्म १८७९ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. आजचा रायगड, माणगाव तालुका. कोलाडवरून गोवा हायवेने तसंच पुढे गेलं की फाटा लागतो. कॅम्पला जाणाऱ्या आमच्या गाडीत कुणालाही हे ठाऊक नव्हतं. गाडी निघाली होती ना. म. जोशी मार्गावरूनच.

*

मुळशी ही घाटावरच्या धरणांच्या साखळीतली शेवटची कडी. त्याआधी लोणावळा-वळवण-शिरवटा या तलावांवर खोपोलीचं वीजघर, १९१५. मग ठोकरवाडीच्या धरणावर भिवपुरीचं, १९२२. तिन्ही टाटांची. तिघांची रीत एकच: पूर्वेला जाणारं पाणी अडवायचं, घाटाच्या कड्यावरून पश्चिमेला सोडायचं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत, भिवपुरीचं कर्जतकडच्या पेजेत, भिऱ्याचं कुंडलिकेत. म्हणून या तीन नद्या बारमाही. म्हणूनच कर्जतच्या पेज नदीकाठी आणि कोलाडला तंबूंची गर्दी. मुंबईकराला ज्या नदीकाठी झोपायला आवडतं, ती नदी मुंबईच्याच विजेसाठी तशी वाहती ठेवलेली असते.

तिन्ही केंद्रांची मिळून क्षमता आज ४४७ मेगावॅट. त्यातले ३०० एकट्या भिऱ्याचे. मुंबईच्या आजच्या भुकेपुढे हा घास लहान आहे. पण पाण्याच्या चक्रांचा गुण असा की झडप उघडली की काही मिनिटांत वीज सुरू होते. कोळशाच्या भट्टीला तास लागतात. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली तेव्हा शहर पुन्हा उभं करताना या जलविद्युत केंद्रांचा उपयोग झाला. आपल्याकडे बिल बेस्टचं येतं, त्यामुळे डिलाईल रोडवाल्याला भिऱ्याचं नाव कळायचं काही कारण नाही. बेस्ट वीज घेते ती मुख्यतः टाटांकडून.

*

गिरणीत आधी वाफेचं इंजिन. एक मोठं चाक, त्यावरून दोर, दोरांवरून मजल्यामजल्यावर फिरणारा दांडा, दांड्यावरून साच्यांना पट्टे. वीज आल्यावर मोटारी आल्या. त्याच्याही आधी विजेचे दिवे आले होते, आणि दिवे आल्याबरोबर मालकांनी कामाचे तास वाढवले. अंधार पडला की सुट्टी, हा न्याय संपला. १९०५च्या सुमारास त्याविरुद्ध कामगार रस्त्यावर आले होते. घाटावर पाणी अडलं म्हणून परळमध्ये रात्रपाळी आली, असं सरळ गणित मांडता येणार नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच कारभाराच्या.

तात्यांना मी मुळशीचं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या खात्यात मुळशीकडचा एकजण होता. गाव विचारलं की धरणात आहे म्हणायचा. आम्हांला वाटायचं धरणाच्या कामावर आहे घरचं कोणी."

*

भाची विस्कॉन्सिनला असते. तिने फोटो पाठवले: हिरव्यागार टेकड्या, मध्ये चिंचोळी नदी, लाल-पिवळ्या दगडाचे कडे. मला आधी ते भिऱ्याजवळचं पाटणूसच वाटलं. अमेरिकेचा तो मधला भाग सपाट असतो, दूरवर मक्याची शेतं असतात, असं आपण भूगोलात शिकलो. पण विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा आणि इलिनॉय या राज्यांच्या सांध्यावर एक तुकडा असा आहे की हिमयुगात आजूबाजूचं सगळं बर्फाच्या प्रचंड थरांनी घासून सपाट केलं आणि एवढी जागा सुटली. म्हणून दऱ्या टिकल्या, टेकड्या टिकल्या, झरे टिकले. खडक वालुकाश्म आणि चुनखडीच्या जातीचा; आपल्यासारखा लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट नव्हे.

किकापू नावाची नदी तिथली. सव्वाशे मैल वाहते आणि सरळ रेषेत जेमतेम त्याच्या निम्मं अंतर कापते, इतकी वळणं. भाचीने होडी वल्हवली, काठावर तंबू लावला. तिथली पद्धत ऐकून मजा वाटली. जागा महिनाभर आधी राखायची, प्रत्येक जागेला क्रमांक, लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं. सरकारी उद्यानात सरपण नेताना ते दहा मैलांच्या आतलं हवं, नाहीतर तपासून शिक्का मारलेलं. लाकडातून झाडं मारणारे किडे पसरतात म्हणून. सकाळी उठल्यावर अंगावर गोचीड आहे का ते एकमेकांनी बघायचं. शेवटची गोष्ट सांगताना ती म्हणाली, "मामा, इथेसुद्धा धरण होतं. म्हणजे होणार होतं."

*

ते धरण असं. पूर येतो म्हणून किकापूवर ला फार्ज या गावी धरण बांधायचं ठरलं. १९६०च्या दशकात मंजुरी, १९७१ मध्ये काम सुरू. दीडशेच्या आसपास कुटुंबांच्या जमिनी घेतल्या, घरं पाडली. १९७५ मध्ये काम थांबलं: खर्च वाढला, पाणी सडेल असं अभ्यासकांनी सांगितलं, विरोध वाढला. पाणी अडलंच नाही. मधोमध काँक्रीटचा एक मनोरा तेवढा उभा राहिला, तो अजून आहे. पुढे ती साडेआठ हजार एकरांवर जमीन राखीव झाली, आणि तिचा कारभार राज्य व तिथले मूळ रहिवासी हो-चंक लोक मिळून बघतात. लोक तिथे तंबू लावतात, होड्या चालवतात.

मुळशीची माणसं धरण होताना हरली. किकापूची माणसं धरण न होताही हरली. घरं गेली ती गेलीच. मला फरक दिसतो तो नंतरचा. तिथे तंबू लावायला आलेल्या पाहुण्याला माहितीकेंद्रात ही गोष्ट सांगतात. कुणाची जमीन होती, काय ठरलं, काय फसलं. भाची सहलीला गेली होती, इतिहास शिकायला नव्हे, तरी तिला कळलं.

*

आता जेवण. म्हणजे पोपटी. हिवाळ्यात रायगडात कॅम्पला जाऊन मॅगी खाणाऱ्याला माझ्यालेखी क्षमा नाही. वालाच्या शेंगा ताज्या, भरल्या. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मध्ये बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन. पुन्हा शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला गच्च. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या पेटवायच्या. पाणी एक थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. झालं का ते कसं कळायचं? मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र करून उडालं पाहिजे. साज्याच्या मावशी तर नुसत्या वासावर सांगतात. आमच्यातला एकजण घड्याळ लावून बसला होता. मावशी म्हणाल्या, "बाला, शेंगेला घड्याल कललं नाय."

भांबुर्डी लागतेच. तिच्याशिवाय ती नुसती उकडलेली शेंग.

*

काही कामाच्या गोष्टी, सुटसुटीत.

इथली माती वरवर असते, हातभर खाली काळा दगड. तंबूच्या खुंट्या वाकतात. दोरीला दगड बांधा.

डिसेंबर-जानेवारीत दरीत पहाटे धुकं उतरतं आणि दव इतकं पडतं की तंबूचं कापड आतूनही ओलं होतं. जाळी पूर्ण बंद करू नका. ऊब मिळत नाही, ओल मिळते.

बूट तंबूबाहेर काढलेत तर सकाळी झटकून घाला. फुरसं हा कोकणचा जुना रहिवासी आहे, लहान आहे आणि तापट आहे.

मार्चपासून पुढे जाऊ नका. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याला ४६.५ अंश नोंदले गेले. यंत्राबद्दल शंका काढल्या गेल्या, पण तिथे दुपारी बसलेल्या कुणालाही शंका काढायचं सुचणार नाही. घाटाच्या कुशीतली खोलगट जागा, वारा येत नाही.

पावसाळ्यात तर नकोच. ताम्हिणी घाट हा देशातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी एक. तिथलं बरंच पाणी या बाजूने उतरतं. भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्यावर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंदी घालतं, ती वर्तमानपत्रात बातमी होण्यासाठी घालत नाही.

*

नदीच्या पात्रात, वाळूवर, गोट्यांवर तंबू लावू नये. हे वेगळं लिहितोय कारण हे दरवेळी कुणीतरी करतंच. वाळू मऊ असते, फोटो चांगला येतो. पण ही नदी आभाळाकडे बघून चढत नाही. कोरड्या ठणठणीत आकाशाखाली वर पाणी सुटलं की चढते. मुंबईच्या माणसाला भरती-ओहोटीची सवय असते, तिचं निदान पंचांग असतं. इथे विचारायचं गावात. आमच्या बाजूच्या तंबूतल्या मंडळींना तिथला तराफा चालवणारा पोरगा सांगत होता, "दादा, त्या काळ्या दगडाच्या वर सरका. दगड बुडतो." ते हसले. तोही हसला आणि त्याने स्वतःच त्यांच्या दोऱ्या सोडायला घेतल्या.

*

तराफे चालवणारी पोरं बहुतेक आजूबाजूच्या गावांची. पूर्वी हीच गावं मुंबईला गिरणीत माणसं पाठवायची. १९८२च्या गिरणी संपानंतर कितीतरी जण परत आले. त्यांची नातवंडं आता मुंबईकरांना पाण्यातून खाली नेतात, शिट्टी वाजवून वल्ही एका तालात मारायला लावतात. गिरणीतला जॉबर जसा खात्यावर ओरडायचा तसा त्यांचा आवाज. गिऱ्हाईक निमूटपणे ऐकतं. हे बघायला तात्यांना आणायला हवं होतं.

*

रात्री साडेदहापर्यंत स्पीकर. नदीच्या दोन्ही काठांवर दोन कॅम्प, दोन वेगळी गाणी, मध्ये पाणी. ज्या माणसाच्या चाळीत गणपतीत दहा दिवस ठणाणा असतो त्याने डोंगरात येऊन पुन्हा तेच मागावं, हे मला कळत नाही. शांतता सहन होत नाही बहुधा. स्पीकर थांबल्यावर पाण्याचा आवाज आला आणि एक बाई झोपेतून उठून म्हणाली, "अहो, नळ चालू राहिलाय का?"

पहाटे मात्र शीळकरी कस्तूर ऐकू आला. तो आपला माणसासारखी शीळ घालत राहतो, अर्धवट, चाल विसरल्यासारखी.

*

कोलाडच्या खाली रोहा, आणि रोह्याला धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत. आपण वरच्या स्वच्छ पाण्यात पाय बुडवतो, पुढे हीच नदी धाटाववरून काय घेऊन जाते ते खालच्या कोळ्यांना विचारावं. पर्यटकांच्या नकाशात नदी तराफे काढून घेण्याच्या जागी संपते.

*

पवनेची गोष्ट मुळशीहून ताजी. मावळात पवना धरणाच्या काठी आज इतके तंबू आहेत की रविवारी सकाळी लोहगडावरून पाहिलं तर धरणाला रंगीत किनार दिसते. त्याच पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले, गोळीबार झाला, तिघे गेले. तंबू लावायला बरेचजण त्याच मार्गाने जातात. काठावरच्या काही शेतकऱ्यांनी उरलेल्या जमिनीवर स्वतःच तंबू उभे केले, हे एका परीने बरं झालं. भातापेक्षा शनिवार जास्त देतो, असं त्यांच्यातलाच एकजण म्हणाला.

*

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. कॅम्प चालवणाऱ्याने नोंदणी करावी, प्रशिक्षित माणूस ठेवावा, सुरक्षेची साधनं ठेवावीत. चांगलं आहे. पैसे भरण्याआधी नोंदणी विचारा. लाइफ जॅकेटचे बंद तुटलेले असतील तर पाण्यात उतरू नका, तराफा कितीही रंगीत असो. तुम्ही ज्या जमिनीवर झोपणार तिचं काय झालं होतं, हे सांगायला मात्र कुठलंही धोरण सांगत नाही.

*

दुष्काळ पडला की सोलापूरकडून मागणी येते: टाटांच्या धरणांचं पाणी पश्चिमेला कशाला वाया घालवता, पूर्वेला भीमेत सोडा. मागणीत तथ्य आहे. पश्चिमेला शंभर वर्षांत त्या पाण्यावर शेती उभी राहिली, कारखाने, नळयोजना, आता तंबू, तेही खरं. या भांडणात कॅम्पवाल्यांना कुणी विचारत नाही आणि विचारूही नये. पण रविवारी दुपारी तराफ्यातून उतरताना, आपण ज्यावर तरंगलो ते पाणी पंढरपूरच्या वाटेचं होतं, एवढं माहीत असायला हरकत नाही.

*

चाळीतल्या पुढच्या सहलीला तात्यांना नेलं. तंबूत झोपायला त्यांनी साफ नकार दिला. बाहेर चटई टाकली, डोक्याखाली पिशवी घेतली आणि घोरू लागले. बाकीचे महागड्या बिछान्यांवर कुशी बदलत राहिले. सकाळी आम्ही त्यांना गाडीने वर भिऱ्याला नेलं. डोंगरावरून उतरणारे जाडजूड लोखंडी नळ खालून दिसतात. तात्यांनी विचारलं, "हे परळला कुठल्या साली जोडलं?" साल सांगितलं. "म्हणजे आमचा बाप लागला त्याच्या आधी," ते म्हणाले. मग नळांच्या जाडीबद्दल, सांध्यांबद्दल, कोण देखभाल करतं याबद्दल त्यांनी पहारेकऱ्याला इतके प्रश्न विचारले की त्याने अखेर चहा मागवला.

*

एक विनंती, कोलाड, साजे, पाटणूस आणि भिरा इथल्या कॅम्पचालकांना. जेवणाच्या मांडवात तुम्ही नियमांचा फलक लावता: दारू पिऊन पाण्यात उतरू नये, कचरा डब्यात टाकावा. त्याच्या शेजारी दुसरा एक फलक लावा. त्यावर मुळशी धरणात बुडालेल्या गावांची नावं लिहा, सगळी, मराठीत, मोठ्या अक्षरांत. खाली १९२१ हे साल, आणि हे पाणी कुठून येतं त्याची एक ओळ. खर्च एका तंबूच्या एका रात्रीच्या भाड्याहून जास्त येणार नाही. आणि डिलाईल रोडवरून जाणाऱ्यांनी तो मागून घ्यावा; वीज आपणच वापरली आहे.